वाटा कोणाचा, माप कोणाचे? : प्राचीन ग्रीक विचारातील न्याय

न्याय म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा पिच्छा ग्रीकांनी होमरच्या काव्यापासून रोमच्या वर्चस्वापर्यंत, सुमारे साडेपाचशे वर्षे सोडला नाही. कवींनी तो विचारला, कायदे करणाऱ्यांना तो सोडवावा लागला, नाटककारांनी तो रंगमंचावर आणला आणि तत्त्वज्ञांनी त्याचा कीस काढला. उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणाले, न्याय ही झ्यूसने माणसाला दिलेली देणगी आहे; कोणी म्हणाले, तो माणसांनी आपसांत केलेला करार आहे; कोणी त्याला मनाचे आरोग्य म्हटले, तर कोणी बलवानाच्या सोयीला दिलेले गोंडस नाव.

ही मते शेजारीशेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट जाणवते. अन्याय कशाला म्हणायचे, याबद्दल या लोकांचे पुष्कळसे एकमत आहे. आपल्या वाट्यापेक्षा जास्त बळकावण्याची हाव हे त्याचे मूळ. ग्रीक तिला ‘प्लेओनेक्सिया’ म्हणत, आणि हेसिअडच्या भावापासून अथेन्सच्या साम्राज्यापर्यंत तिची उदाहरणे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. खरा वाद आहे तो दोन मुद्द्यांवर : वाटा कोणत्या मापाने ठरवायचा आणि वाटेकरी म्हणून कोणाला मोजायचे. पहिल्या मुद्द्यावर ग्रीकांनी जे विचारधन मागे ठेवले त्याला तोड नाही. दुसऱ्यावर त्यांच्यातले थोर विचारवंतही तोकडे पडले. न्यायाच्या ग्रीक कल्पनेचा आढावा घेताना या दोन्ही बाजू एकत्रच पाहायला हव्यात.

कवींच्या साक्षी

‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीजसाठी नवी ढाल घडवली जाते आणि तिच्यावर एका नगराचे चित्र कोरलेले असते. त्या चित्रात भर चौकात एक तंटा चालू आहे. एका माणसाचा खून झाला आहे आणि त्याच्या रक्ताच्या भरपाईवरून दोघे भांडत आहेत. एक म्हणतो, मी सगळे चुकते करायला तयार आहे. दुसरा काही घ्यायलाच राजी नाही. लोक दोन्ही बाजूंनी आरडाओरडा करत आहेत, दवंडीवाले त्यांना मागे सारत आहेत. वडीलधारी मंडळी गुळगुळीत दगडांवर गोल करून बसली आहेत, एकेक जण हातात दंड घेऊन उठतो आणि आपला निवाडा सांगतो. मधोमध सोन्याचे दोन तोल ठेवले आहेत. ज्याचा निवाडा सर्वांत सरळ ठरेल त्याला ते मिळायचे.

या छोट्या दृश्यात पुढचे कितीतरी विषय बीजरूपाने आहेत. सुडाची जागा भरपाईने घेतली आहे, हाणामारीची जागा बोलण्याने, आणि निवाडा देणाराही जमलेल्या लोकांच्या परीक्षेला बसला आहे. न्याय इथे मनातला सद्गुण नाही. तो चारचौघांत, सर्वांच्या देखत करायचा व्यवहार आहे.

हेसिअड होमरइतका उदार नाही, कारण त्याला झळ बसली होती. इ. स. पू. 700 च्या आसपास बिओशियातल्या अस्क्रा गावी राहणाऱ्या या शेतकरी कवीचा भाऊ पर्सीज याने वडिलार्जित जमिनीतला जास्तीचा हिस्सा लाटला, आणि लाच खाणाऱ्या सरदारांनी त्याला साथ दिली. ‘वर्क्स अँड डेज’ हे काव्य या भाऊबंदकीतून उभे राहिले. त्यात ससाणा आणि बुलबुल यांची गोष्ट येते. नखांत धरलेल्या बुलबुलाला ससाणा सुनावतो की तू गाणारी असलीस तरी मी नेईन तिकडे तुला यावे लागेल. हेसिअड ही गोष्ट सांगून थांबत नाही. मासे, श्वापदे आणि पक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांच्यात न्याय नाही. माणसाला मात्र झ्यूसने तो दिला आहे, असे तो भावाला बजावतो. न्याय माणसाला पशूंपासून वेगळे करतो, हा विचार इथून सुरू होतो. एका साध्या शेतकऱ्याने तो लाचखाऊ सत्तेच्या तोंडावर मांडला आहे, हे विसरू नये.

सृष्टीचा हिशेब

इ. स. पू. सहाव्या शतकात आयोनियातल्या विचारवंतांनी न्यायाची कल्पना गावच्या चौकातून उचलली आणि थेट विश्वाला लावली. मायलीटसचा अनाक्सिमँडर म्हणतो की वस्तू एकमेकींवर अन्याय करतात आणि काळाच्या क्रमाने एकमेकींना त्याची भरपाई देतात. उन्हाळा हिवाळ्याच्या हद्दीत शिरतो, मग हिवाळा आपले देणे वसूल करतो, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. हेराक्लायटसच्या मते सूर्यानेही आपली मर्यादा ओलांडली, तर न्यायदेवतेच्या दासी त्याला गाठतील. मात्र त्याने पुढे जाऊन संघर्षालाच न्याय म्हटले. पायथागोरसच्या अनुयायांनी न्यायाचे नाते वर्गसंख्येशी जोडले : समान गुणिले समान, म्हणजे जशास तसे.

हे आज काव्यमय वाटेल, पण त्याचा परिणाम खोल झाला. मर्यादा आणि प्रमाण हे न्यायाचे गाभ्याचे शब्द बनले. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल न्यायाबद्दल बोलताना वारंवार गणिताकडे वळतात, त्याचे मूळ या काळात आहे.

अथेन्सचा प्रयोग

तत्त्वज्ञांच्या आधी न्यायाला आकार दिला तो अथेन्सच्या राजकारणाने. इ. स. पू. 594 मध्ये सोलोन आर्कन, म्हणजे नगराचा प्रमुख अधिकारी झाला, तेव्हा कर्जापायी गरीब शेतकरी सावकाराचे गुलाम होत होते, काही तर परमुलखात विकले गेले होते. त्याने कर्जे रद्द केली आणि माणसाच्या देहावर कर्ज देण्यास बंदी घातली. अन्याय झालेल्याच्या वतीने कोणाही नागरिकाला फिर्याद करता येईल, अशी तरतूदही केली. जमिनीचे समान फेरवाटप करण्याची गरिबांची मागणी मात्र त्याने मानली नाही. दोन्ही पक्षांच्या मध्ये ढाल धरून आपण उभे राहिलो, कोणालाही अन्यायाने जिंकू दिले नाही, असा दावा त्याने आपल्या कवितेत केला आहे. श्रीमंत आणि गरीब दोघेही त्याच्यावर नाराज राहिले. अथेन्सच्या लोकशाहीची पायाभरणी मात्र याच तडजोडीत झाली.

इ. स. पू. 458 मध्ये एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी अथेन्समध्ये सादर झाली. आईने बापाला मारले, म्हणून मुलाने आईला मारले. आता सूडदेवता मुलाच्या मागे लागल्या आहेत. हे चक्र थांबवायला देवी अथीना ॲरिओपॅगस टेकडीवर नागरिकांचे न्यायालय बसवते. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. विशेष म्हणजे हरलेल्या सूडदेवतांना हाकलून दिले जात नाही. त्यांना नगरात मानाचे स्थान मिळते. न्यायालय सुडाची जागा घेते, पण दुखावलेल्याच्या संतापाला नगरात जागा ठेवूनच, ही एस्किलसची समज आजच्या कोणत्याही न्यायव्यवस्थेला मोलाची वाटावी.

प्रत्यक्षातली न्यायालये कशी होती? दर वर्षी तिशी ओलांडलेले 6000 नागरिक पंच म्हणून शपथ घेत. खासगी दाव्याला 201 किंवा 401, सार्वजनिक खटल्याला 501 किंवा त्याहून जास्त पंच बसत. वेगळा न्यायाधीश नसे, सरकारी वकील नसे. वादी-प्रतिवादी स्वतः उभे राहून बोलत आणि त्यांचा वेळ पाणघड्याळाने मोजला जाई. इ. स. पू. चौथ्या शतकात मतदानासाठी काशाच्या चकत्या वापरत. चकतीच्या मधोमध एक छोटी दांडी असे, एका चकतीची पोकळ, दुसरीची भरीव. दोन्ही टोके अंगठ्याने आणि बोटाने झाकली की कोणी कोणाच्या बाजूने मत टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नसे. अशा चकत्या अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, उत्खननात सापडल्या आहेत. गरिबाने श्रीमंताविरुद्ध निर्भयपणे मत द्यावे, याची तजवीज एवढ्या बारकाईने केली होती. स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना मात्र पंचांच्या बाकावर जागा नव्हती.

बळी तो कान पिळी?

इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सगळा डोलारा प्रश्नांच्या भोवऱ्यात सापडला. गावोगावी फिरून शिकवणाऱ्या सोफिस्टांनी विचारले : कायदे जागोजागी वेगळे आहेत, तर न्याय निसर्गात आहे की माणसाने ठरवलेल्या रूढीत?

प्रोटागोरसचे उत्तर आशादायक होते. प्लेटोने त्याच्या तोंडी घातलेल्या कथेत झ्यूस हर्मीसच्या हाती लाज आणि न्यायबुद्धी पाठवतो आणि सांगतो की इतर कौशल्ये मोजक्यांना दिलीस तशी ही देऊ नकोस, सर्वांना वाट. सर्वांना न्यायबुद्धी आहे, म्हणून सर्वांना नगराच्या कारभारात बोलण्याचा हक्क आहे. लोकशाहीचे याहून नेटके समर्थन प्राचीन वाङ्मयात शोधावे लागेल.

अँटिफॉनने त्याच प्रश्नाला वेगळे वळण दिले. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या पपायरसांत सापडलेल्या त्याच्या लेखनात तो म्हणतो की साक्षीदार असताना कायदा पाळावा आणि एकटे असताना निसर्गाचे ऐकावे, यातच माणसाचे हित आहे. पण हाच अँटिफॉन असेही म्हणतो की ग्रीक आणि परके निसर्गतः सारखेच आहेत, कारण सगळेच नाकातोंडाने श्वास घेतात. रूढीवर घाव घातला की स्वार्थाला मोकळे रान मिळते, तसे समतेलाही, हे त्याच्या लेखनातून स्पष्ट दिसते.

स्वार्थाला मिळालेले मोकळे रान अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धात दिसले. इ. स. पू. 427 मध्ये बंड केलेल्या मिटिलीनी नगरातल्या सर्व प्रौढ पुरुषांना मारण्याचा ठराव अथेन्सच्या सभेने केला. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, ठराव थोड्या मतांनी फिरला आणि दुसरे जहाज कत्तलीआधी कसेबसे पोचले. थ्युसिडिडीजने नोंदवलेले त्या दिवसाचे भाषण अस्वस्थ करते, कारण दयेची बाजू मांडणारा डायोडोटस न्यायाच्या नावाने काही मागत नाही. मारण्यात आपला फायदा नाही, एवढेच तो पटवतो. इ. स. पू. 416 मध्ये मिलॉस बेटाच्या वाट्याला ती सुटकाही आली नाही. न्यायाची भाषा समान ताकदीच्या लोकांतच चालते, असे अथेन्सच्या दूतांनी मिलॉसकरांना स्पष्ट सांगितले. पुढे तिथले पुरुष मारले गेले आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. स्वतःच्या नगरात गुप्त मतदानाची एवढी काळजी घेणाऱ्या लोकांनी हे केले.

सॉक्रेटिसचा नकार

या पार्श्वभूमीवर सॉक्रेटिसचे म्हणणे किती धाडसी होते, ते कळते. मित्रांचे भले आणि शत्रूंचे वाईट करावे, हा ग्रीक समाजातला सर्वमान्य दंडक होता. सॉक्रेटिसने तो मोडीत काढला. अन्याय कधीच करू नये, अन्यायाच्या बदल्यातही करू नये, असे तो प्लेटोच्या ‘क्रायटो’त सांगतो. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणे जास्त वाईट, कारण तो करणाऱ्याचा आत्मा बिघडवतो, ही त्याची भूमिका ‘गॉर्जिअस’मध्ये येते.

हे केवळ बोलणे नव्हते. इ. स. पू. 406 मध्ये आर्जिनूसीच्या लढाईनंतर सेनापतींवर एकत्रित आणि बेकायदा खटला चालवायला अख्खी सभा उतावीळ झाली असताना त्याने विरोध केला. इ. स. पू. 404 मध्ये ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजवटीने सलामिसच्या लिऑनला पकडून आणण्याचा हुकूम दिला, तेव्हा बरोबरचे चौघे निघाले आणि हा घरी गेला. लोकशाही असो वा जुलमी राजवट, अन्यायात हात घालायचा नाही, हे त्याने दोन्हींना दाखवले. इ. स. पू. 399 मध्ये, वयाच्या सत्तरीत, लोकशाहीच्याच न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, असे ‘अपॉलॉजी’त म्हटले आहे. पळून जाण्याची सोय असूनही तो गेला नाही.

प्लेटो : न्याय आतला आणि बाहेरचा

‘रिपब्लिक’मधला संवाद पायरियस बंदरात घडतो. यजमान म्हातारा सेफलस हा परदेशातून येऊन स्थायिक झालेला धनिक आहे. खरे बोलणे आणि घेतलेले परत देणे म्हणजे न्याय, असे तो म्हणतो. सॉक्रेटिस विचारतो : मित्राने शहाणा असताना ठेवायला दिलेले शस्त्र तो वेडा झाल्यावर मागू लागला, तर परत द्यायचे का? मग सेफलसचा मुलगा पोलेमार्कस पुढे येतो : मित्रांचे भले, शत्रूंचे वाईट. त्यानंतर थ्रॅसिमॅकस उसळून म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचे हित; सत्ताधारी आपल्या फायद्याचे कायदे करतात आणि त्यालाच न्याय म्हणवून घेतात.

प्लेटोच्या पहिल्या वाचकांना या पात्रांचे पुढे काय झाले ते ठाऊक होते. सेफलसचा दुसरा मुलगा लिसिअस हा पुढे नामांकित वक्ता झाला, इ. स. पू. 403 मधले त्याचे भाषण आज उपलब्ध आहे. त्यात तो सांगतो की तीस जुलमींनी संपत्तीच्या लोभाने त्यांच्या घरावर धाड घातली. 700 ढाली आणि 120 गुलाम जप्त केले, पोलेमार्कसला आरोपही न सांगता विष प्यायला लावले आणि त्याच्या बायकोच्या कानांतली कर्णभूषणेसुद्धा ओरबाडून घेतली. या तिसांचा म्होरक्या क्रिटिअस प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ होता. ‘बलवानाचे हित म्हणजेच न्याय’ हे मत प्लेटोने आपल्या घरातल्या माणसांच्या हातून अमलात आलेले पाहिले होते. म्हणून ‘रिपब्लिक’ वाचताना हा रिकामपणचा बुद्धिविलास आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

सर्वांत अवघड प्रश्न प्लेटो आपल्याच भावाच्या, ग्लॉकॉनच्या तोंडी घालतो. अदृश्य करणारी अंगठी एका मेंढपाळाला सापडली. त्याने राणीला वश केले, राजाला मारले आणि राज्य घेतले. पकडले जाण्याची भीतीच नसेल, तर कोण न्यायाने वागेल? आणि न्यायी माणसाला जन्मभर अन्यायी समजून छळले, तरी त्याला सुखी म्हणता येईल का?

प्लेटोचे उत्तर असे. नगराचे तीन वर्ग : राज्य करणारे, रक्षण करणारे, उत्पादन करणारे. मनाचेही तीन भाग : विवेक, तेज आणि वासना. प्रत्येकाने आपापले काम करावे, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, म्हणजे नगर न्यायी आणि माणूसही न्यायी. अन्याय म्हणजे आतली बंडाळी. अंगठीवाला मेंढपाळ राजा झाला, पण स्वतःच्या वासनांचा गुलाम झाला. त्याचे नुकसान पकडले जाण्यावर अवलंबून नाही. हाव ही आधी हाव धरणाऱ्यालाच पोखरते, हे प्लेटोइतक्या ताकदीने क्वचितच कोणी मांडले असेल.

या उत्तरावर आधुनिक अभ्यासकांत मोठा वाद आहे. डेव्हिड सॅक्स यांनी 1963 मध्ये आक्षेप घेतला की लोक ज्याला न्याय म्हणतात, म्हणजे चोरी न करणे, फसवणूक न करणे, त्याबद्दल ग्लॉकॉनचा प्रश्न होता. प्लेटोने उत्तर दिले ते मनाच्या सुव्यवस्थेबद्दल. मन सुव्यवस्थित असलेला माणूस दुसऱ्याला लुबाडणारच नाही, हे सिद्ध कुठे झाले? प्लेटोच्या बाजूने असे म्हणता येते की ज्याची हाव ताब्यात आहे त्याला लुबाडण्याचे कारणच उरत नाही. पण वैर, भीती किंवा तत्त्वाचे वेडही माणसाला अन्यायाकडे नेते, म्हणून सॅक्स यांचा आक्षेप पुरता निकाली निघत नाही. दुसरा हल्ला कार्ल पॉपर यांचा. 1945 मध्ये त्यांनी प्लेटोवर आरोप केला की त्याने न्यायाच्या नावाखाली वर्गसत्ता खपवली आणि व्यक्तीला राज्याच्या दावणीला बांधले. प्लेटोने पाचव्या भागात स्त्रियांना राज्यकर्त्या वर्गात पुरुषांच्या बरोबरीने स्थान दिले, ते त्या काळाच्या फार पुढचे होते. पण आपल्या राज्यात कोण कोणत्या कामाचा, हे ज्याचे त्याला ठरवता येत नाही, हा पॉपर यांचा मुद्दा खरा आहे.

ॲरिस्टॉटल : मापाचा शास्त्रज्ञ

ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’चा पाचवा भाग पूर्णपणे न्यायाला दिला. न्यायाचे एक व्यापक रूप म्हणजे दुसऱ्याशी वागताना दिसणारा समग्र सद्गुण. दुसरे नेमके रूप म्हणजे वाट्याची रास्तता. या दुसऱ्या रूपाची त्याने केलेली फोड आजही कायद्याच्या अभ्यासात शिकवली जाते.

मान, पैसा, पदे यांची वाटणी करायची तेव्हा प्रमाण भूमितीचे : ज्याची जेवढी योग्यता, तेवढा वाटा. चोरी, फसवणूक किंवा मारहाण झाली की प्रमाण साध्या गणिताचे. तिथे सज्जनाने दुर्जनाला फसवले की दुर्जनाने सज्जनाला, हे पाहायचे नाही. एकाने जेवढे जास्त घेतले तेवढे काढून दुसऱ्याला द्यायचे. बाजारातल्या देवघेवीचा तिसरा प्रकार : घर बांधणारा आणि चांभार यांच्या मालाची तुलना व्हायची तर काही समान माप हवे, आणि ते काम पैसा करतो. माणसांना एकमेकांची गरज आहे, म्हणून देवघेव आहे आणि देवघेव आहे म्हणून समाज टिकतो, हे त्याने इथे ओळखले.

पण योग्यता कशात मोजायची? ‘पॉलिटिक्स’मध्ये ॲरिस्टॉटल थेट राजकीय भांडणाला हात घालतो. धनिक म्हणतात, आम्ही संपत्तीत वरचढ, म्हणून सगळ्यातच वरचढ. सामान्यजन म्हणतात, आम्ही स्वातंत्र्यात समान, म्हणून सगळ्यातच समान. दोघांचेही अर्धेच खरे. चांगल्या बासऱ्या वाटायच्या असतील तर त्या उत्तम वाजवणाऱ्याला द्याव्यात. तो कुळाने किंवा रूपाने कमी असला तरी बिघडत नाही, कारण बासरी वाजवण्यासाठी असते. कोणती गोष्ट कशासाठी आहे ते पाहा, मग वाट्याचे माप सापडेल, ही त्याची पद्धत. शिक्षणातल्या आणि नोकऱ्यांतल्या संधींबद्दल आज होणारे वाद पुष्कळदा याच प्रश्नावर येऊन ठेपतात.

त्याची आणखी एक देणगी म्हणजे समन्यायाची कल्पना. कायदा सर्वांसाठी सरसकट बोलतो, प्रसंग मात्र एकेकटा असतो. लेस्बॉसचे गवंडी शिशाची मापपट्टी वापरत, ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाकत असे. कायद्याच्या शब्दाने जिथे अन्याय होईल तिथे कायदेकर्ता हजर असता तर काय म्हणाला असता, असा विचार करून निकाल द्यावा, असे तो सांगतो.

असा बारकाईने मोजणारा माणूस गुलामीपाशी येतो आणि त्याचे माप त्याच्या हातून निसटते. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे तो ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात मांडतो. गुलामी ही बळजबरी आहे, निसर्गाचा तिच्याशी संबंध नाही, असे म्हणणारे लोक आहेत हे तो स्वतःच नोंदवतो. अल्सिडॅमससारख्या वक्त्याने तसे उघड म्हटलेही होते. म्हणजे त्या काळात हा विचार सुचणे अशक्य होते, अशी सबब त्याला देता येत नाही. एका माणसाच्या सगळ्या श्रमांचे फळ दुसऱ्याने घ्यावे, याहून मोठी हाव कोणती? त्याच्याच व्याख्येने तो अन्याय ठरतो.

करार, विश्वनगर आणि रोममधली दोन भाषणे

ॲलेक्झांडरनंतर नगरराज्यांचे स्वातंत्र्य गेले आणि न्यायाची चर्चा नगराच्या वेशीबाहेर पडली. एपिक्युरसने (इ. स. पू. 341–270) झ्यूस, निसर्ग सगळे बाजूला ठेवले. एकमेकांना इजा करायची नाही आणि होऊ द्यायची नाही, हा करार म्हणजे न्याय. ज्यांच्यात करार नाही त्यांच्यात न्याय-अन्यायही नाही. परिस्थिती बदलून एखादा कायदा उपयोगाचा उरला नाही तर तो न्याय्यही उरत नाही. ग्लॉकॉनच्या अंगठीला त्याचे उत्तर साधे आहे : आपण कधीच पकडले जाणार नाही, अशी खात्री गुन्हेगाराला मरेपर्यंत मिळत नाही, आणि त्या धास्तीत सुख नाही. अथेन्समधल्या त्याच्या बागेत स्त्रिया आणि गुलामही शिष्य म्हणून होते.

स्टोइकांनी उलट दिशा घेतली. सायप्रसमधल्या सिटिअमहून आलेल्या झीनोने इ. स. पू. 300 च्या सुमारास अथेन्सच्या चित्रमंडपात शिकवायला सुरुवात केली. विवेक सर्व माणसांत एकच आहे, म्हणून न्याय निसर्गतः एकच आहे आणि सगळे जग हे एकच नगर आहे, ही या पंथाची शिकवण. वाटेकऱ्यांचे रिंगण त्यांनी तत्त्वतः अख्ख्या मानवजातीपर्यंत वाढवले. व्यवहारात मात्र गुलामी रद्द करा, असे त्यांनी म्हटले नाही. खरा गुलाम तो जो वासनेचा गुलाम, अशी समजूत घालून ते थांबले. बेड्या मनात आहेत असे सांगितल्याने पायातल्या बेड्या तुटत नाहीत, ही या थोर विचाराची उणीव आहे.

इ. स. पू. 155 मध्ये ओरोपस नगर लुटल्याबद्दल झालेला 500 टॅलंटांचा दंड कमी करून घ्यायला अथेन्सने तीन तत्त्वज्ञ रोमला पाठवले. त्यांतल्या कार्निआडिसने एके दिवशी न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी विरोधात भाषण केले. रोमन लोकांना खरोखर न्यायाने वागायचे असेल तर जिंकलेले सगळे परत करून त्यांना पुन्हा झोपड्यांत राहायला जावे लागेल, असे तो विजेत्यांच्या राजधानीत म्हणाला. वृद्ध रोमन मुत्सद्दी केटोने या मंडळींना लवकर वाटेला लावण्याचा आग्रह धरला. तरुणांची डोकी फिरतील, ही त्याची भीती रास्त होती. साम्राज्याला न्यायाच्या व्याख्येचा धाक वाटतो, हे त्यातून दिसले.

माप त्यांचे, मोजणी आपली

ग्रीकांकडे आज कशासाठी वळायचे? त्यांची राज्यरचना आपल्याला चालणार नाही, त्यांचे समाजचित्र तर नाहीच. पण न्यायाबद्दल प्रत्येकाने कारण द्यायला हवे, ‘देवाची इच्छा’ किंवा ‘पूर्वापार चालत आले’ एवढे पुरे नाही, हा दंडक त्यांनी घातला. एकदा माप उघडपणे मांडले की ते मांडणाऱ्याच्या मालकीचे राहत नाही. त्या मापाने कोणीही मोजू शकतो, खुद्द मांडणाऱ्यालासुद्धा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडचेच आहे. 1936 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध केले. चातुर्वर्ण्य जन्माऐवजी गुणावर आधारले तर ते न्याय्य ठरेल, असे म्हणणाऱ्या सुधारकांना उत्तर देताना त्यांनी प्लेटोचे तीन वर्ग तपासायला घेतले. माणसाला तीन-चार कप्प्यांत बसवणे म्हणजे माणसाबद्दलची उथळ समजूत होय, प्रत्येक व्यक्ती एकमेव असते आणि एकाच माणसात अनेक प्रवृत्ती नांदतात, असे सांगून त्यांनी ती रचना नाकारली. प्लेटोच्या नगरात सोन्याच्या आईबापांपोटी लोखंडाचे मूल निपजले तर ते खालच्या वर्गात जाई आणि लोखंडाच्या पोटचे सोन्याचे मूल वर येई. म्हणजे तिथे जन्म अंतिम नव्हता. आंबेडकरांचा आक्षेप त्याहून खोल होता : निवड गुणाने केली तरी कप्पेच चुकीचे आहेत. ‘ज्याचे त्याने करावे’ हे सूत्र तेव्हाच न्यायाचे होते, जेव्हा आपले काम कोणते हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला असतो.

प्लेटोला इतक्या कठोरपणे तपासणे हाच त्याचा योग्य सन्मान आहे, कारण तपासण्याची शिस्त त्याच्याच गुरूने घालून दिली. अन्यायाचे मूळ वाट्याबाहेरच्या हावेत आहे, हे ग्रीकांचे निदान पक्के होते. त्या निदानापुढे गुलाम, स्त्री आणि परका यांना उभे करण्याचे काम त्यांनी अर्धवट सोडले. आज कोणतीही वाटणी न्याय्य म्हणून आपल्यापुढे आली, तर माप काय लावले एवढे विचारून थांबू नये. वाटेकऱ्यांच्या यादीतून कोणाचे नाव गाळले आहे, हे त्याआधी विचारावे.